शेरीच्या पिपातला मोह

एक

“नाक असावं तर असं! अख्ख्या संस्थानात दुसरं दाखवा!”

संस्थानी पाहुणेबंगल्याचा कारभार बघणाऱ्या कॅप्टनसाहेबांचा तो गडगडाटी आवाज देवराम भोयेच्या कानात सात वर्षं मुक्कामाला होता. साहेब वारले, जव्हार संस्थान विलीन झालं, पाहुणेबंगल्यावरचं निशाण बदललं, पण तो आवाज काही हलला नाही. त्या दिवशी देवराम, अबकारी खात्यातला नवाकोरा कारकून, कागदावर सही घ्यायला बंगल्याच्या पायरीवर तासभर उन्हात उभा होता. आत पाहुणे बसले होते. मुदपाकखान्याच्या पडद्यालगत उभा खानसामा रघु पेला नाकाशी धरून, डोळे मिटून म्हणत होता, “मनुका… अक्रोड… जुनं लाकूड… आणि शेवटाला संत्र्याची साल.” पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. देवरामला कुणी बस म्हटलं नाही.

हेवा कसा जळतो ते त्याला तेव्हा कळलं. पुढं त्या जळण्याला लाकूडफाटाही मिळाला. लग्न झालं ते पोशेऱ्याच्या कमूशी, आणि कमू लग्नाआधी, त्या सुमाराला, दोन वर्षं त्याच बंगल्याच्या मुदपाकखान्यात कामाला होती.

कमूची एक लकब होती. नागलीची भाकर असो की विहिरीचं पाणी, आधी नाकाशी न्यायची, डोळे मिटायची, मग ओठांना लावायची. लग्नाच्या चौथ्या दिवशी देवरामनं ते पाहिलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला. ही लकब त्यानं आधी पाहिली होती. आपल्या बायकोच्या हातात दुसऱ्याच कुणाचा हात राहून गेलाय, असं त्याला वाटलं. विचारलं मात्र कधी नाही. ती बंगल्याचं नाव काढत नसे, आणि तिच्या त्या न बोलण्यात तो चार वर्षं नको नको ते वाचत आला होता.

आणि आता, १९५०च्या चैत्रात, रघु त्याच्या तावडीत आला.

दारूबंदी लागायला आठ दिवस होते. बंगल्याच्या कपाटात एकच बाटली उरली होती, कॅप्टनसाहेबांनी जिवापाड जपलेली, स्कॉटलंडच्या एका भट्टीतली व्हिस्की. ती तपासून, सील करून ठाण्याला पाठवायची होती. नव्या मामलेदारसाहेबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, पण कुतूहल दांडगं. “अस्सल आहे असं लिहून द्यायचं तर कुणी जाणकारानं चाखायला नको?” म्हणून त्यांनी निवृत्त डॉक्टरांना बोलावणं धाडलं. अबकारीचा माणूस म्हणून देवराम हजर होता. दारात माघ्या शिपाई. व्हरांड्यात मंसूरभाई सुतार खिडकीची चौकट बसवत होता.

रघुनं लाखेची मोहोर फोडली, बूच काढलं, पेल्यात बोटभर ओतली. मधासारखा, त्याहूनही गडद रंग. डॉक्टरांनी वास घेतला, घोट घेतला, जिभेवर घोळवला. मग पेला खाली ठेवला.

“मामलेदार, ही स्कॉच नव्हे. ही आपली मोहाची आहे!”

दारातला माघ्या दोन पावलं आत आला, नाक वर करून म्हणाला, “मोहाचीच! सायब, मोहाचा वास मी नाय वळखनार तर कोन वळखनार?”

पेला हातोहात फिरला. देवरामनंही हुंगला. वाळल्या मोहफुलांचा तोच गोड, जड वास. शंकाच नको.

“खानसामा,” मामलेदार म्हणाले, “तुमच्या नाकाची कीर्ती मी ठाण्यात ऐकलीय. तुम्ही सांगा.”

रघुनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळे त्या प्रसिद्ध शब्दांची वाट बघत राहिले. रघुच्या कपाळावर घाम फुटला.

“मला… सांगता येत नाही, साहेब.”

खरी बाटली कुणीतरी रिचवली होती आणि तिच्यात मोहाची भरून ठेवली होती, हे आता धरूनच चाललं. लाखेच्या मोहोरेचा भरवसा नव्हता. कॅप्टनसाहेबांचा शिक्का रघुच्याच किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होता. 

मामलेदारांनी टेबलावरचा एक कागद उलटा ठेवला. रघुला सरकारी विश्रामगृहाचा खानसामा म्हणून कायम करण्याचा हुकूम होता तो, सहीवाचून पडलेला. “भोये, उद्या सकाळी दहाला मला सांगा कुणी केलं ते. हा असेल तर हुकूम फाडतो आणि याला फौजदाराच्या हवाली करतो.”

“होय साहेब,” देवराम म्हणाला. सात वर्षांत इतक्या गोड आवाजात तो कुणाशी बोलला नव्हता.

दोन

कपाटाजवळ तिघांचाच वावर. किल्ली रघुकडे. पहारा माघ्याचा. आणि गेल्या श्रावणात कपाटाचं दार दुरुस्त करायला मंसूरभाई दोन दिवस तिथं एकटा होता.

माघ्याला आधी घेतलं.

“भाऊसायेब, मी पिलो असतो तर परत भरून कशाला ठेवली असती? रिकामी करून तिथंच नसतो का निजलो?” माघ्या हसला. “आनं आमच्यात धरतरीला दोन थेंब शिंपडल्याबिगर घोट घेत नाय. कपाटापुढची जमीन हुंगा नं!”

देवराम खरंच गुडघ्यावर बसला, हुंगू लागला. फिनेलनं नाक झणझणलं. माघ्या तोंड फिरवून खुसखुसत राहिला.

मंसूरभाई रंधा बाजूला ठेवून मांडी घालून बसला. “कारकूनसाहेब, आमच्यात ती चीज हराम. माझ्या तोंडाला रंग एकच.” आणि त्यानं पानाचा डबा उघडला.

देवरामची नजर डब्यातल्या कातावर खिळली. मोहाची दारू पाण्यासारखी पांढरी स्वच्छ. बाटलीतली मधाच्या रंगाची. मग हा रंग आला कुठून? कात विरघळवून कुणीही आणील. 

“मंसूरभाई, जरा चुना द्या.”

पेल्यातल्या दारूत त्यानं नखभर चुना ढवळला. कात असता तर पान रंगावं तसं लालभडक झालं असतं. दोघं टक लावून बसले. दारू थोडी गढूळली, एवढंच. लाल होईना.

“माझा कात सुटला,” मंसूरभाई म्हणाला आणि विड्याला चुना लावला.

कात नाही. मग करपवलेली साखर. आणि बंगल्यात साहेबलोकांच्या पुडिंगसाठी साखर करपवायचं काम जन्मभर केलं कुणी? रघुनं. किल्ली त्याची, शिक्का त्याच्याकडं, साखर त्याची, गप्प बसला तोही तोच.

देवरामच्या छातीत गार वाटलं. अहवालाचं पहिलं वाक्य त्याच्या मनात आपोआप जुळून आलं. पण त्याला तेवढ्यानं भागेना. त्या नाकाची फजिती त्याला समोर बसून बघायची होती. त्यानं मंसूरभाईकडून कात मागून घेतला, पेलाभर पाण्यात कालवला आणि बंगल्यामागच्या चाळीकडं निघाला.

तीन

रघु खाटेवर बसला होता. अंगावर अजून खानसाम्याचा पितळी गुंड्यांचा कोट. बायको आत कण्हत चुलीला फुंकर घालत होती.

“डॉक्टरांच्या घरची अस्सल विलायती आणलीय,” देवराम म्हणाला. “ही खरी. हिचा वास सांग. मग दोन्ही ताडून बघू. तुझाच फायदा आहे.”

“अस्सल ना नक्की?”

“डॉक्टरांनी स्वतः दिली.”

रघुचा चेहरा सैलावला. त्यानं पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि भजनाची ओळ म्हणावी तसा म्हणाला, “मनुका… अक्रोड… जुनं लाकूड… आणि शेवटाला संत्र्याची साल.”

कातपाण्याला वास असतो कसला! देवरामला हसू फुटायला हवं होतं, पण ते फुटलं नाही. रघुचे डोळे मिटलेलेच होते. देवरामनं शेजारच्या कंदिलाची रॉकेलनं भिजलेली चिंधी उचलली, पेला अलगद बाजूला सारला आणि ती चिंधी त्या प्रसिद्ध नाकाखाली धरली.

“पुन्हा बघ बरं.”

रघुनं खोल श्वास घेतला. “हो. तीच ही. एकदम अस्सल.”

ह्या माणसाला वासच येत नव्हता.

तो बाहेर आला. चैत्राचं ऊन कलत होतं आणि बंगल्याच्या आवारातल्या मोहांखाली फुलांचा सडा पडला होता. ज्याला वास नाही त्याला मोह काय आणि स्कॉच काय. म्हणून तर सकाळी त्याची वाचा बसली. खरी म्हणावं तर खोटं ठरण्याची भीती, खोटी म्हणावं तर स्वतःच्या गळ्याला फास. आणि त्यानंच मोहाची भरली असती, तर आत काय आहे ते त्याला वासावाचूनही ठाऊक असतं; तो असा अडकला नसता, पाठ केलेली ओळ बेधडक म्हणाला असता. 

रघुनं हे केलेलं नव्हतं.

हे कबूल करताना देवरामला दात उपटल्यासारखं झालं. वर एक प्रश्न उभा राहिला. सात वर्षांपूर्वीचे ते शब्द रघुचे नव्हते, तर कुणाचे? पेला नाकाशी नेऊन डोळे मिटणारं दुसरं माणूस त्याला जव्हारात एकच ठाऊक होतं. ते त्याच्या घरी, या वेळेला, नागली दळत बसलेलं असणार होतं.

चार

दिवेलागण झाली होती. जात्याची घरघर आणि कमूचा आवाज अंगणातच ऐकू आला.

“मोह गळतो गं झाडा, वेचू कितीक टोपल्या,
वास राहिला हाताला, वाटा घराच्या संपल्या…”

देवराम उंबऱ्यावर थबकला. हा कुणाचा वास हाताला राहिलाय, असं विचारावंसं वाटलं. त्याऐवजी त्यानं खिशातली औषधाची कुपी काढली. तिच्यात बाटलीतली दारू होती.

“हे काय आहे सांग.”

कमूनं हात पदराला पुसले. कुपी नाकाशी नेली. डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की देवरामला दुसरीकडं बघावं लागलं.

“ही तुम्हाला कुठं मिळाली?”

“मोहाची आहे म्हणतात.”

“मोहाची?” कमू हसली. “माझ्या बापाची भट्टी होती पोशेऱ्याला. मोहाच्या वासात मी रांगायला शिकले. वरून तसाच गोड येतोय खरा, पण मनुकांचा आहे. खाली लाकूड आहे. आपली मोहाची मडक्यात नाहीतर बाटलीत राहते, तिनं लाकूड कधी बघितलंय? तळहातावर घ्या, सुकू द्या. मोहाची उडून जाते, आंबूस वास तेवढा मागं राहतो. हिचं लाकूड राहील.”

देवरामनं तिच्या हातून कुपी परत घेतली. बाटली खरीच होती. कुणी काही चोरलंच नव्हतं.

“पडद्यामागं तू असायचीस,” तो म्हणाला. “पेला आधी तुझ्याकडं यायचा.”

कमूनं जात्याचा खुंटा धरला, फिरवला नाही. “हो.”

“आणि तू त्याला सांगायचीस.”

“हळू सांगावं लागायचं. पाहुण्यांना ऐकू जायला नको.”

म्हणजे दोन वर्षं ती रघुच्या कानात बोलत होती. “माझ्या कानात कधी बोललीस गं तू काही?”

“तुम्ही कधी कान दिला?” कमूचा आवाज चढला. “बंगल्याचं नाव निघालं की तुमचा चेहरा दाराला कडी लावल्यासारखा होतो. काय सांगायचं होतं मी? की मला तिथनं चोर म्हणून हाकललं?”

“चोर?”

“पाहुण्यांच्या बाटलीतली चोरून पिते म्हणून. कुणीतरी कॅप्टनसाहेबांचे कान भरले. साहेब एवढंच म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी हुंगायची हो नुसती, थेंब जिभेला लावला नाही कधी. पण विचारलं कुणी? आणि तुम्ही अबकारीतले. दारूचोर बायको पदरात पडली असं वाटलं असतं तुम्हाला.”

चार वर्षं ज्या मुकेपणाला तो प्रेम समजून जळत होता, ती शरम होती. त्याला हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याची लाजही वाटली.

“उद्या साहेबांपुढं येशील?” त्यानं विचारलं. “नाही आलीस तर रघु जाईल. माझ्या एकट्याच्या शब्दावर डॉक्टर ऐकायचे नाहीत.”

कमूनं हाताचं पीठ झटकलं. “तुम्हाला चालेल?”

चालत नव्हतं. कारकुनाची बायको चारचौघांत दारू हुंगणार, तीही त्या माणसासाठी. ती घरी राहिली तर कुणाला काही कळणार नव्हतं. अहवालाचं पहिलं वाक्य अजून मनात तयार होतं, सुरेख अक्षरात लिहिण्याजोगं.

“न केलेल्या चोरीसाठी हाकलल्यावर कसं वाटतं,” कमू म्हणाली, “ते मला माहीत आहे.”

देवरामनं मान खाली घातली. “दहाला जायचंय. साडेनऊला निघू.”

पाच

सकाळी टेबलावर बाटली होती. समोर मामलेदार आणि डॉक्टर. भिंतीला टेकून रघु, त्याच्या शेजारी माघ्या आणि मंसूरभाई. डोक्यावरून पदर घेतलेल्या कमूला बघताच रघुचा रंग उतरला.

“साहेब, चोर सापडला नाही,” देवराम म्हणाला, “कारण चोरीच झालेली नाही. ही बाटली अस्सल आहे.”

“भोये!” डॉक्टर उसळले. “तीस वर्षं मी मोखाड्याच्या पाड्यांवर पेशंट तपासले. मोहाचा वास मला शिकवता?”

“तोच घोटाळा झाला, डॉक्टरसाहेब. थोडी मोहाची हवी होती.”

माघ्यानं खाकरत कोटाच्या आतून एक चपटी बाटली काढली. “औषदाला असते, सायब. अजून सात दिस कायद्यानं चालतंय.”

कमू पुढं झाली. मामलेदारांच्या डाव्या तळहातावर तिनं कपाटातल्या बाटलीतले थेंब सोडले, उजव्यावर माघ्याच्या. “हात चोळू नका, साहेब. नुसते सुकू द्या.”

तालुक्याचे मामलेदार दोन्ही हात पसरून प्रसाद घ्यायला बसल्यासारखे बसून राहिले. कुणी हसायचं धाडस केलं नाही. हात सुकल्यावर त्यांनी उजवा हुंगला. “आंबूस. बाकी काही नाही.” डावा हुंगला. पुन्हा हुंगला. “हे… सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतंय.”

“मंसूरभाई,” देवराम म्हणाला, “दारू उडून गेलीय. राहिलंय ते तुमच्या धंद्यातलं आहे.”

मंसूरभाईनं टोपी सारखी केली आणि साहेबांच्या हातावर वाकला. “साग नव्हे. ऐन नाही, शिसव नाही. आपल्या जंगलातलं कुठलंच नाही.” त्यानं डोळे बारीक केले. “बंगल्यात विलायती शेरीचं एक पीप फुटलं होतं. त्याच्या फळ्यांचं स्टूल केलं मी कॅप्टनसाहेबांना. करवत लावली की हाच वास सुटायचा.”

“साहेब, बाटलीवरचं इंग्रजी वाचता?” देवरामनं विचारलं.

मामलेदारांनी चष्मा चढवला. “एकाच भट्टीची… शेरीच्या पिपात मुरलेली.”

“शेरी म्हणजे द्राक्षांची दारू, काल रात्री अबकारीच्या पुस्तकात शोधून काढलं,” देवराम म्हणाला. “तिचा गोडवा पिपाच्या लाकडात उतरतो आणि मग त्याच पिपात ही वर्षानुवर्षं मुरते. म्हणून रंग गडद आणि वास मनुकांचा. वाळली मोहफुलं आणि मनुका नाकाला बहिणी-बहिणींसारख्या. डॉक्टरसाहेब, तुमची नेहमीची स्कॉच फिकट असते ना? जरा धुरकट?”

“असते,” डॉक्टर पुटपुटले.

“आणि काल खिडक्या सताड उघड्या. बाहेर मोहांचा सडा. मुंबईच्या माणसाला हा वास आला असता तर तो मनुका म्हणाला असता. आपण जव्हार-मोखाड्याचे. आपल्याला मोहच आठवणार. तुम्ही म्हणालात, माघ्या म्हणाला, मीही म्हणालो.”

डॉक्टरांनी पेल्यात बोटभर ओतून घेतली, हुंगली, घोट घेतला आणि पेला खिडकीच्या उजेडाला धरला. “मामलेदार,” ते शेवटी म्हणाले, “आयुष्यात इतकी सुंदर चीज जिभेवर आली, आणि मी तिच्यावर खटला भरला!”

हसण्याची एकच लाट उठली. मामलेदारांनी तो उलटा कागद सुलटा केला, झोकात सही ठोकली आणि रघुकडं सरकवला. “घ्या खानसामा. काल घाबरलात म्हणून बोलला नाहीत, समजू शकतो मी. पण तुमच्या नाकाची कीर्ती राहिली बरं का. हे विश्रामगृह तुमच्याच नाकावर चालणार.”

रघुनं कागद घेतला. देवराम त्याच्याकडं बघत होता. खोलीत त्या नाकाचं खरं ठाऊक असलेली तीन माणसं होती. कमूनं पदर सारखा केला आणि ती दाराकडं वळली. तिचं काम झालं होतं. देवरामच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. ते बोलायचा हक्क त्याचा नव्हता.

“साहेब,” रघु म्हणाला.

कमू दारात थांबली.

“लहानपणी मला देवी आल्या. जीव वाचला, नाक गेलं. तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही.” त्यानं हुकुमाचा कागद हळूच टेबलावर परत ठेवला. “पडद्यामागून ही सांगायची, मी बोलायचो. दोन वर्षं. मग एक दिवस कॅप्टनसाहेबांनी पडद्यामागं हिचा आवाज ऐकला. म्हणाले, कोण आहे ती, उद्या तिला पाहुण्यांपुढं उभी कर.”

तो मामलेदारांशी बोलत नव्हता आता. दारातल्या पाठमोऱ्या पदराशी बोलत होता.

“जळालो मी. टाळ्या माझ्या होत्या, त्या हिला जाणार होत्या. त्या संध्याकाळी साहेबांना मीच सांगितलं, कमू, की तू चोरून पितेस.”